मध्यरात्री वाजणारा डीव्हीआर: साताऱ्यातल्या एका घराचं प्रकरण

काकांचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. "अगं, तो कॅमेऱ्याचा डबा रात्रभर टीं-टीं करतोय. हार्ड डिस्क गेली बहुतेक. तुझ्या काकूचा डोळ्याला डोळा नाही." त्याच दुपारी डब्लिनहून चुलतभावाचा, म्हणजे दादाचा, मेसेज आला: "तीन दिवस झाले, ॲपवर कॅमेरे दिसत नाहीत. खातं लॉक झालंय म्हणतंय. आई-बाबा बरे आहेत ना?" या दोन्ही तक्रारी एकाच दुखण्याच्या आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. शनिवारी पुण्याहून साताऱ्याला गेले तेव्हा आले.

आधी घराची कल्पना देते. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. घर बैठं. एक कॅमेरा फाटकावर, एक ओट्यावर, एक मागच्या अंगणात आणि चौथा हॉलमध्ये. हा चौथा पुढे महत्त्वाचा आहे. काकू दोन वर्षांपूर्वी दुपारच्या वेळी हॉलमध्ये पडल्या. काका बँकेत गेले होते आणि त्या तासभर तशाच पडून राहिल्या. तेव्हा दादाने हट्टाने तो कॅमेरा लावून घेतला. काकू त्याच हॉलमध्ये फिजिओथेरपीचे व्यायाम करतात, दिवाणावर दुपारच्या निजतात, नातीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. म्हणजे त्या डब्यात फाटकावरच्या गाड्यांबरोबर एका म्हाताऱ्या बाईचं रोजचं खासगी आयुष्यही नोंदवलं जात होतं.

डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा तो डबा, चार कॅमेऱ्यांचा, २०१७ मध्ये गावातल्या कॅमेरेवाल्याने बसवलेला. इंटरनेट स्थानिक पुरवठादाराचं फायबरवरचं. "मोबाईलवर बघायचं तर स्टॅटिक आयपी लागतो" (म्हणजे इंटरनेटवरचा घराचा न बदलणारा पत्ता) असं कॅमेरेवाल्याने तेव्हा सांगितलं होतं आणि काका त्याचे वेगळे पैसे दर वर्षी न चुकता भरत आले होते.

काकांची वही

डीव्हीआरला हात लावायच्या आधी काकांनी माझ्यासमोर वही ठेवली. मास्तर माणूस, प्रत्येक गोष्टीची नोंद. तीन रात्री आवाज कधी झाला ते त्यांनी लिहून ठेवलं होतं: १.०५, १.४०, २.१५, २.४५, ३.२०. पुढच्या रात्री पुन्हा तसंच. खराब होत चाललेली हार्ड डिस्क असं वेळापत्रक पाळत नाही. साधारण अर्ध्या तासाचं हे अंतर पाहिलं आणि मला लॉकची आठवण झाली. अनेक डीव्हीआरमध्ये ठरावीक वेळा चुकीचा पासवर्ड पडला की खातं तीस मिनिटं बंद होतं. काहींत ही मर्यादा पाच वेळांची असते, काहींत सातची.

टीव्हीवर डीव्हीआरचा मेनू उघडून 'एक्सेप्शन' या पानावर गेले. हार्ड डिस्क बिघडली, डिस्क भरली, नेटवर्क तुटलं, आयपी पत्ता एकमेकांवर आला, बेकायदा लॉगिन झालं, या सगळ्यांसाठी एकच बझर चालू ठेवलेला. म्हणजे डबा काय सांगतोय ते नुसत्या आवाजावरून कळणं शक्यच नव्हतं. डिस्कची तपासणी केली, ती ठणठणीत निघाली.

मग लॉग, म्हणजे डब्याने स्वतः ठेवलेली नोंदवही. पानामागून पान 'बेकायदा लॉगिन'. डीव्हीआरचं घड्याळ सतरा मिनिटं पुढे होतं. तेवढी मिनिटं वजा केली तर लॉगमधली प्रत्येक लॉकची वेळ काकांच्या वहीशी जुळली. कुणीतरी बाहेरून पासवर्ड लावून बघत होतं, खातं लॉक होत होतं, बझर वाजत होता. तीस मिनिटांनी कुलूप उघडलं की दोन-पाच मिनिटांत पुन्हा तेच. दादा डब्लिनहून बरोबर पासवर्ड टाकत होता तरी त्याला प्रवेश मिळत नव्हता, कारण लॉक पूर्ण 'ॲडमिन' खात्यावर पडत होता. आणि घरातली सगळी माणसं ते एकच खातं वापरत होती.

लॉगमध्ये वापरलेली नावं पाहण्यासारखी होती. इथे मी ती उच्चारानेच लिहिते: ॲडमिन, रूट, गेस्ट, सुपरवायझर, आणि एका ठिकाणी नुसता आकडा, ८८८८८८. जुन्या काही रेकॉर्डरांमध्ये कारखान्यातूनच या आकड्याचं खातं येत असे. म्हणजे समोरच्याला काका कोण, घर कुठलं, याच्याशी काहीही देणंघेणं नव्हतं. तयार यादी घेऊन एक प्रोग्रॅम दारोदार फिरत होता.

दारोदार म्हणजे किती वेगाने, हे काकांना सांगितलं तेव्हा ते थक्क झाले. आयपीच्या चौथ्या आवृत्तीचे एकूण पत्ते सुमारे ४.२९ अब्ज. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं. एका चांगल्या गिगाबिट जोडणीवरून एका पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे यंत्राचा क्रमांक दिलेला एकेक दरवाजा) जगातले सगळे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत चाचपता येतात, हे त्यातून दिसलं. आपल्याला कोण कशाला शोधेल, हा प्रश्नच त्यामुळे गैरलागू होतो. शोधायचं कुणालाच नसतं, सगळ्यांनाच हात लावून पाहायचं असतं.

डबा रस्त्यावर कसा आला

मी माझ्या फोनचं वायफाय बंद केलं, मोबाईल डेटावर आले आणि ब्राउझरमध्ये घराचा स्टॅटिक आयपी आणि पुढे डीव्हीआरचा पोर्ट टाकला. डीव्हीआरचं लॉगिनचं पान उघडलं. काका शेजारीच खुर्चीवर होते. "म्हणजे हे असं कुणालाही दिसतं?" त्यांनी विचारलं. हो म्हणाले. त्यांनी हॉलमधल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि उठून त्यावर काकूंचा रुमाल टाकला. त्या क्षणी रुमाल हा चांगला उपाय होता. काम पूर्ण होईपर्यंत तो तिथेच राहिला.

आता डबा बाहेरून दिसत होता तो कशामुळे? पुरवठादाराने दिलेल्या फायबरच्या खोक्यातच वायफाय आणि राउटर होता. त्याचा साधा पासवर्ड खोक्याच्या खाली चिकटवलेला, पण त्या लॉगिनने अर्ध्याहून जास्त पानं उघडत नव्हती. मुख्य पासवर्ड इंटरनेटवाल्याकडे. संध्याकाळी त्यांचा मुलगा आला, भला पोरगा होता, त्याने स्वतःच्या फोनवरून पासवर्ड टाकला आणि मला पानं दाखवली.

मी पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीची वाट पाहत होते. ८० हा वेबचा, ५५४ हा व्हिडिओच्या प्रवाहाचा, आणि डीव्हीआरचा स्वतःचा एक पोर्ट, जो कंपनीगणिक वेगळा असतो, कुणाचा ८०००, कुणाचा ३७७७७. ते तिन्ही होतेच. पण खालच्या पानावर डीएमझेड चालू होतं आणि त्यात डीव्हीआरचा पत्ता होता. फॉरवर्डिंग म्हणजे वाड्याची एक खिडकी उघडी ठेवणं. डीएमझेड म्हणजे त्या यंत्रापुरती वाड्याची सगळी भिंतच काढून टाकणं, कारण बाहेरून येणारं जे काही दुसऱ्या कुणासाठी नाही ते सगळं सरळ त्याच्याकडे जातं. बसवताना एखादा पोर्ट चालत नसेल, घाई असेल, म्हणून डीएमझेड चालू केलं असणार, आणि काम झाल्यावर ते तसंच राहिलं. शिवाय राउटर आणि डीव्हीआर दोन्हीकडे यूपीएनपी चालू. ही सोय असली की घरातलं कुठलंही यंत्र राउटरला सांगून स्वतःसाठी दार उघडून घेऊ शकतं, मालकाला न विचारता.

अशा मोकळ्या डब्यांचं काय होतं याचा सगळ्यात मोठा धडा २०१६ चा आहे. मिराई नावाचा प्रोग्रॅम त्या वर्षी पसरला. तो टेलनेटचा (लांबून आज्ञा देऊन यंत्र चालवण्याच्या जुन्या सोयीचा) २३ क्रमांकाचा पोर्ट शोधत फिरे, अधूनमधून २३२३ ही, आणि साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून बघे. बस, एवढंच त्याचं कसब. त्याच्या तावडीत सापडलेल्यांत कॅमेरे आणि डीव्हीआर फार मोठ्या संख्येने होते. काहींमध्ये टेलनेटचा पासवर्ड आतच कोरलेला होता, म्हणजे मालकाने वेबपानावरून पासवर्ड बदलला तरी टेलनेटचा जुनाच राही, आणि असं काही दार आहे याची त्याला कल्पनाही नसे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन (Dyn) या अमेरिकेतल्या डीएनएस कंपनीवर, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर, मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशी बडी ठिकाणं कित्येक तास अनेकांना उघडेनात. ज्यांच्या घरातले डबे त्यात वापरले गेले, त्यांना बहुधा कधी कळलंही नसेल.

मिराईची एक गोष्ट या प्रकरणाशी थेट जुळते. तो फक्त चालू स्मृतीत राहतो. यंत्र बंद करून चालू केलं की निघून जातो, आणि पासवर्ड तोच असेल तर काही मिनिटांत पुन्हा येतो. काका तीन रात्री नेमकं हेच करत होते, बटण बंद, बटण चालू. थोडा वेळ शांतता, मग पुन्हा टीं-टीं. त्यांच्याकडे मिराई होता असं मी म्हणत नाही, तसा पुरावा सापडला नाही. पण रीस्टार्टने आलेल्या शांततेवर विसंबू नये, एवढं यातून घ्यावं.

जे आधी करून झालं होतं

दादाने लांबून, मला न सांगता, तीन गोष्टी करून पाहिल्या होत्या. त्यांचा हिशोब मांडायला हवा, कारण बहुतेक लोक याच वाटेने जातात.

त्याने मे महिन्यात पासवर्ड मोठा आणि अवघड केला. हे योग्यच होतं, आणि कदाचित त्यामुळेच कुणी आत शिरलं नाही. पण थापा थांबल्या नाहीत, लॉकही थांबला नाही. चोराला किल्ली सापडत नाही म्हणून घरमालकालाच दारात ताटकळत उभं राहावं लागावं, अशी ती गत.

मग त्याने वेबचा पोर्ट ८० वरून ८०८१ केला. दोन दिवस लॉग शांत होता, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. डीएमझेड चालू असल्यावर पोर्टचा आकडा बदलून काही साधणार नव्हतं, पण ते नसतं तरी निदान काही दिवसांचीच निवांतता मिळाली असती. फिरणारे प्रोग्रॅम सगळे ६५,५३५ पोर्ट चाचपू शकतात.

तिसरी गोष्ट म्हणजे डीव्हीआरमधली आयपी पत्त्यांची काळी यादी. लॉगमधले पत्ते एकेक करून त्याने तिच्यात भरले. रात्री नवे पत्ते आले. ते येतच राहणार होते, कारण त्यातले बरेचसे पत्ते कुठल्या खलनायकाच्या खोलीतले नसतात. दुसऱ्या देशातल्या कुणा काकांचा आधीच बाधित झालेला डीव्हीआर किंवा राउटर तिथून थापा मारत असतो. म्हणून उलट त्या पत्त्यांवर जाऊन काही तपासण्याचा मोह टाळावा. कायद्याने ते चूक, आणि पलीकडचा माणूस बहुधा आपल्यासारखाच.

आत कुणी येऊन गेलं का

लॉगमध्ये फसलेल्या प्रयत्नांचा ढीग दिसला की माणूस त्या ढिगालाच घाबरतो. मला त्याहून जास्त भीती ज्याची नोंद होत नाही त्याची वाटत होती. रेकॉर्डर आणि कॅमेऱ्यांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, असे दोष सापडले आहेत की लॉगिन करावंच लागत नाही. २०१७ मध्ये हिकव्हिजन या कॅमेरे बनवणाऱ्या कंपनीच्या काही कॅमेऱ्यांत पासवर्ड न देता आत शिरता येतं हे उघड झालं, २०२१ मध्ये त्याच कंपनीच्या अनेक उत्पादनांत बाहेरून थेट आज्ञा चालवता येण्याचा दोष जाहीर झाला, आणि त्याच वर्षी दाहुआच्या काही उपकरणांत लॉगिनची तपासणीच टाळता येण्याचा. दोन्ही कंपन्यांनी सुधारलेलं फर्मवेअर दिलं. पण साताऱ्याच्या माळ्यावर ठेवलेल्या डब्यात ते कोण जाऊन टाकणार होतं?

म्हणून कुणी शिरलंय असं गृहीत धरूनच पुढची कामं केली. खात्यांच्या यादीत ॲडमिनखेरीज एक अनोळखी खातं निघालं. काळजात धस्स झालं. कॅमेरेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, ते मीच ठेवतो सगळीकडे, सर्व्हिसिंगला बरं पडतं." पासवर्ड त्याच्या मोबाईल क्रमांकाचे शेवटचे सहा आकडे. तोच क्रमांक डीव्हीआरवर चिकटवलेल्या त्याच्या स्टिकरवर छापलेला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी मनापासून सांगते. लोक रात्री-अपरात्री पासवर्ड विसरतात आणि त्याला बोलावतात, म्हणून त्याने आपली सोय केली. पण त्या सोयीची किंमत काकूंनी मोजली असती.

महिन्याभरातल्या हव्या त्या फुटेजची पेन ड्राइव्हवर प्रत घेतली. डीव्हीआर कारखान्याच्या मूळ स्थितीला आणला. यात डिस्कवरचं चित्रण सहसा जात नाही, डिस्क 'इनिशियलाइज' म्हणजे कोरी केली तरच जातं, तरी प्रत आधी घ्यावी. जुनी सेटिंग फाइलीतून परत भरायची सोय होती, ती वापरली नाही. जे काही घाणेरडं असेल ते त्याच फाइलीतून परत आलं असतं. सगळं हाताने भरलं, दीड तास गेला.

फर्मवेअर कंपनीच्या अधिकृत भारतीय संकेतस्थळावरून, डब्याच्या तळाशी असलेला मॉडेल क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवून घेतलं. व्हिडिओखालच्या लिंकवरून किंवा टेलिग्रामवरून घेऊ नये, मॉडेल थोडं जरी वेगळं निघालं तरी डबा कायमचा गप्प होऊ शकतो. काकांनी सुचवल्याप्रमाणे डीव्हीआर आधी इन्व्हर्टरच्या जोडणीवर घेतला. फर्मवेअर चढताना लाइट गेली असती तर तेच झालं असतं. मिळालेलं फर्मवेअर २०१९ चं होतं. त्यापुढचं कंपनीने या मॉडेलसाठी काढलेलंच नाही. यावरून माझा निर्णय पक्का झाला: हे यंत्र यापुढे इंटरनेटला दिसताच कामा नये. त्यातले पुढचे दोष कुणी दुरुस्त करणार नाही.

भिंत परत बांधताना

पुरवठादाराचं खोकं ब्रिज मोडवर टाकून घेतलं, म्हणजे ते फक्त फायबरचं नेट पुढे देतं. त्यामागे वायरगार्डची, म्हणजे बाहेरून घरच्या जाळ्यात येण्यासाठी कुलूपबंद बोगद्याची, सोय असलेला नवा राउटर लावला, साधारण साडेतीन हजारांचा. डीएमझेड, पोर्ट फॉरवर्डिंग, यूपीएनपी यातलं काहीच त्यावर चालू केलं नाही. राउटरचं पान बाहेरून उघडण्याची सोयही बंद. डीव्हीआरमधलं यूपीएनपी आणि क्लाउडची जोडणी बंद केली. डीव्हीआरला घरातल्या फोन-लॅपटॉपपासून वेगळ्या जाळ्यात ठेवलं: काकांच्या फोनवरून डीव्हीआरकडे जाता येतं, डीव्हीआरला मात्र घरातल्या कशाकडेही स्वतःहून जाता येत नाही. इंटरनेटकडेही नाही. घड्याळ राउटरकडून जुळवून घेतं, त्यामुळे ती सतरा मिनिटंही गेली.

खाती तीन. ॲडमिन फक्त टीव्हीसमोर बसून वापरायचं. काका आणि दादा यांना वेगवेगळी, थेट चित्र आणि मागचं चित्रण पाहण्यापुरती. ॲडमिनचा पासवर्ड काकांच्या कपाटातल्या वहीत लिहिला. काहींना हे पटत नाही, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो लक्षात ठेवा म्हणणं म्हणजे पुन्हा जन्मतारखेकडे ढकलणं. हल्ला बाहेरून होणार आहे, कपाटातून नाही. एक बारीक गोष्ट: अनेक डीव्हीआर सोळा अक्षरांपर्यंतच पासवर्ड घेतात, तेव्हा लांबलचक वाक्य तिथे मावत नाही.

बझरही वाटून दिला. डिस्क बिघडली तरच आवाज, बाकीचं लॉगमध्ये.

दादासाठी वाट

इथे मी एक गोष्ट आग्रहाने सांगेन. "लांबून बघणं बंदच करा" हा सल्ला मला कुणीतरी फोनवर दिला होता. तो सोपा आहे आणि निर्दय आहे. पडलेल्या आईला तासभर कुणी पाहिलं नाही, म्हणून मुलाने तो कॅमेरा लावलाय. त्याची नजर काढून घेतली तर सुरक्षित काय राहिलं?

दोन पर्याय होते. एक म्हणजे कंपनीचं क्लाउड, डब्यावरचा क्यूआर स्कॅन करून चालतं ते. यात डीव्हीआर स्वतः बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, म्हणून घराचा कुठलाच पोर्ट उघडा लागत नाही. ज्या घरी कुणी जाणतं माणूस नाही तिथे उघड्या पोर्टांपेक्षा हे कितीतरी बरं, आणि तिथे मी हेच लावून देते. पण मधला सर्व्हर आणि ॲपचं खातं यांवर विश्वास टाकावा लागतो, आणि २०१९ नंतर न सुधारलेलं फर्मवेअर इंटरनेटशी बोलत राहतं.

आम्ही वायरगार्ड घेतलं. दादाच्या फोनवर त्याचं ॲप, राउटरवर त्याची किल्ली. बाहेरून फक्त एक यूडीपी पोर्ट उघडा, आणि तोही असा की योग्य किल्लीने बांधलेला संदेश नसेल तर काहीच उत्तर देत नाही. चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही. दादा फोनवर बोगदा चालू करतो, मग घरातल्यासारखा डीव्हीआरच्या घरगुती पत्त्यावर जातो. स्टॅटिक आयपी आधीच होता, तो आता खऱ्या अर्थाने उपयोगी पडला.

सगळ्यांकडे तो नसतो. तुमच्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर पुरवठादाराने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. अशा घरी चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यावरून बाहेरच्याला थेट येता येत नाही, तेवढं संरक्षण फुकट मिळतं, पण साधं वायरगार्डही येत नाही. तिथे टेलस्केलसारखी, सार्वजनिक पत्त्याशिवाय बोगदा जोडून देणारी सोय चालते. मात्र त्याच जोडणीवर आयपीची सहावी आवृत्ती चालू असेल तर प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. राउटरवर सहाव्या आवृत्तीचं फायरवॉल चालू आहे ना, हे वेगळं तपासावं लागतं. काकांच्या पुरवठादाराकडे सहावी आवृत्ती नव्हती, म्हणून तो प्रश्न आला नाही.

रात्री पुण्यातल्या घरच्या मशीनवरून मी काकांच्या पत्त्यावरचे सगळे पोर्ट एनमॅप या पोर्ट चाचपणाऱ्या साधनाने तपासले. एकाही पोर्टकडून उत्तर नाही. स्वतःच्या किंवा ज्याने विचारून परवानगी दिली त्याच्याच पत्त्यावर हे करावं.

पुन्हा एकदा नोंद

चौथ्या दिवशी काकांचा फोन. "आवाज नाही, पण तू सांगितलंस म्हणून लॉग बघितला. दुपारी तीनला बेकायदा लॉगिन." बाहेरचं सगळं बंद, मग हे कुठून? पत्ता वाचायला सांगितला तर तो घरातलाच. पोटात गोळा आला. घरातलं एखादं यंत्रच बाधित झालं असेल तर बाहेरच्या भिंतीचा उपयोग काय?

काकूंनी उलगडा केला. त्यांचा जुना टॅब कपाटात होता. दुपारी नातीचे फोटो बघायला त्यांनी तो चार्जिंगला लावला. त्यातलं कॅमेऱ्याचं ॲप मे महिन्यापासून जुनाच पासवर्ड घेऊन डीव्हीआरकडे जात होतं. नीट मागे पाहिलं तर आधीच्या लॉगमध्येही त्याच पत्त्याच्या तुरळक नोंदी होत्या. परदेशी पत्त्यांच्या गर्दीत मला त्या दिसल्या नव्हत्या. हे मी नोंदवून ठेवते, कारण लॉग वाचताना पहिली विभागणी घरचे पत्ते आणि बाहेरचे पत्ते अशीच करायला हवी होती.

तक्रार करायची का

काकांचा आग्रह पोलिसांकडे जायचा होता. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली अप्रामाणिक हेतूने परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणं गुन्हा ठरतं, पण इथे आत शिरल्याचा पुरावा नव्हता आणि पत्ते दूरदेशीच्या बाधित यंत्रांचे. आम्ही लॉगची प्रत जपून ठेवली आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेला ईमेलने कळवलं. चित्रण बाहेर आलं असतं, कुणी धमकावून पैसे मागितले असते, तर एका क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनला फोन आणि पोलीस ठाणं. खासगी अवयवांचं चित्रण संमतीविना टिपणं किंवा पसरवणं हा त्याच कायद्याच्या कलम ६६ ई खाली वेगळा गुन्हा आहे.

हे दूरचं वाटत असेल तर राजकोट आठवा. तिथल्या एका प्रसूतिरुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झालं आणि त्या तपासात महाराष्ट्रातूनही अटका झाल्या. डॉक्टरांकडून तपासून घ्यायला आलेल्या बायका होत्या त्या. त्यांच्यातल्या कुणीही तो कॅमेरा बसवला नव्हता, त्याचा पासवर्ड ठरवला नव्हता.

सहा महिन्यांनंतर

नव्या राउटरच्या नोंदीत थापा अजून दिसतात, २३ वर, ८० वर, ८०८० वर, ५५४ वर, रोज. त्यातली एकही डीव्हीआरपर्यंत पोहोचत नाही. दादाला पहिल्या महिन्यात बोगदा चालू करायचं विसरायला व्हायचं आणि तो घाबरून काकांना फोन करायचा. आता सवय झाली आहे. हॉलमधल्या कॅमेऱ्याचं तोंड काकूंच्या सांगण्यावरून थोडं वळवलं, दिवाण आता चित्रात येत नाही, बाथरूमकडे जायची वाट येते. त्या पडल्या होत्या ती जागा तीच. हे खरं तर पहिल्याच दिवशी त्यांना विचारायला हवं होतं.

ऑक्टोबरात एका पहाटे बझर पुन्हा वाजला. या वेळी खरोखरच डिस्क गेली होती.

कॅमेरेवाल्याला मी घरी बोलावून सगळं दाखवलं होतं. तो दोन तास बसला, प्रश्न विचारले, वायरगार्ड लिहून घेतलं. त्याच कॉलनीत त्याने आणखी अकरा घरी डीव्हीआर बसवलेत, सगळीकडे तेच खातं, तेच सहा आकडे, बहुतेक ठिकाणी डीएमझेड. आजवर त्यातली सात घरं त्याने स्वतः जाऊन नीट केली, पैसे घेतले नाहीत. दोन घरांचे मालक मुंबईला असतात. उरलेल्या दोघांशी काका बोलतायत.